आश्विनातले खकनार

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार परिसरात पाऊस ओसरला की आश्विनाचा महिना हवामानाची दोन रूपे दाखवतो.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस 17 सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून परतू लागतो आणि पुढे मध्य प्रदेशातूनही माघार घेतो. ढग हटतात, ऊन थेट जमिनीवर पडते. मातीत ओल असल्याने दुपारी उकाडा जाणवतो. हीच आपली ऑक्टोबर हीट. 22-23 सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास समान होतात, मग रात्री लांबत जातात. निरभ्र आकाशाखाली जमीन रात्री झपाट्याने निवते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे गारवा आणि पिकांवर दव.

याच काळात कपाशीची बोंडे फुटतात, सोयाबीन काढणीला येते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तर अवकाळी सर येऊन हाताशी आलेला माल भिजतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दव सुकल्यावरच कापूस वेचा, ओला कापूस वेगळा ठेवा. हवामान विभागाच्या मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. तो पाहूनच काढणीचा दिवस ठरवा.