रकान्याचा मथळा

जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत धातुपरीक्षक होता. त्याने या नगरीचा नकाशा केला, शिरगणतीही केली. श्रोतेहो, अशा गणतीत घरे मोजली की माणसे, हे सांगणारा मथळा नसेल तर आकडा मुका राहतो.

आजचे संगणकीय दप्तरही याच न्यायाने चालते. पायथन भाषेतून डेटाबेसला प्रश्न केला की उत्तर ओळीओळींनी येते: ‘फेचवन’ एक ओळ देते, ‘फेचऑल’ उरलेल्या सर्व. रकान्यांची नावे मात्र ‘डिस्क्रिप्शन’मध्ये निराळी असतात. ती न पाहता ‘तिसरा रकाना म्हणजे रक्कम’ असे धरून चालावे आणि तक्त्यात मध्येच एक रकाना वाढावा, की एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या जागी तिचे जन्मवर्ष वाचले जाते. यंत्र हरकत घेत नाही. ओळ खरी असते, वाचन खोटे ठरते. तसेच ‘नन’ म्हणजे शून्य नव्हे. तेथे नोंदच नाही.

पुढे १८३७ साली प्रिन्सेपने सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा पाहिली. या दानाच्या नोंदी असाव्यात, असे त्याने ताडले. ‘दानं’ हा शब्द लागला आणि ब्राह्मी लिपी बोलू लागली. नोंद कशाची, हे आधी उमगले, अक्षरे मागाहून.