जुनी आगगाडी आणि तिचे सभासद

भंडारा जिल्ह्याचें वर्णन करावयाचें म्हटलें कीं तलाव, धानाची शेती, पितळेचीं भांडीं आणि मँगनीजच्या खाणी या गोष्टी आधीं जिभेवर येतात. आगगाडीचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. तथापि या भागाचें आगगाडीशीं असलेलें नातें सव्वाशें वर्षांहून जुनें आहे. 1880 च्या दशकांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग नागपुराहून राजनांदगांवापर्यंत गेला, तो याच जिल्ह्यांतून. 1887 सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्याकडे घेऊन ब्रॉडगेज केला. भंडारा शहर या मार्गापासून दूर राहिलें. म्हणून वरठी येथील स्थानकालाच 'भंडारा रोड' हें नांव मिळालें. तुमसर रोडहून तिरोडीकडे जो फांटा गेला, त्यानें चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या बाजूच्या खाणींतील मँगनीज बाहेर नेलें.

लोकांच्या मनांत घर करून राहिली ती मात्र या मोठ्या गाडीची धाकटी बहीण. गोंदिया हें गांव 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच होतें. तेथून अडीच फूट अंतराच्या रुळांवरून 1903 सालीं नैनपूरपर्यंत गाडी धांवूं लागली, आणि त्याच दशकांत नागभीडकडेहि मार्ग निघाला. नागपूर-नागभीड मार्गावर पवनीकरांसाठीं 'पवनी रोड' हें स्थानक होतें. या साऱ्या जाळ्याला लोक 'छोटी लाईन' म्हणत.

गोंदिया-नागभीड हा मार्ग 1990 च्या दशकांत रुंद झाला. जबलपूर-नैनपूर बाजूची छोटी गाडी 2015 सालीं थांबली, आणि नागपूर-नागभीड मार्गावरची 2019 च्या नोव्हेंबरांत. यांत शोक करण्यासारखें फारसें नाहीं. रोग्याला घेऊन नागपूर गांठूं पाहणाऱ्या कुटुंबाला आणि धान बाजारांत पाठविणाऱ्या शेतकऱ्याला वेगाची, मोठी गाडी हवी असते. ती पुरविणें हें रेल्वेचें पहिलें कर्तव्य. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. शंभर वर्षें चाललेल्या त्या गाडीचें इंजिन हांकण्याची विद्या, तिचे रूळ राखण्याची रीत, तिच्या घंटा, कंदील आणि नोंदवह्या, तिच्यावर आयुष्य वेंचलेल्या माणसांच्या आठवणी, हें सारें कोणीं जपावयाचें? नागपूरच्या मोतीबाग भागांत रेल्वेनें 2002 सालीं नॅरोगेजचें संग्रहालय उघडलें, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संग्रहालयांत वस्तु राहतात. विद्या माणसांतच राहते. आणि माणसें एकत्र बांधून ठेवणें हें यंत्र जतन करण्याहून कठीण काम आहे. तें प्रथम जेथें साधलें, त्या ठिकाणची हकीकत म्हणूनच उद्बोधक ठरते.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टॅलिलिन नांवाची एक छोटी रेल्वे आहे. तिची लांबी सव्वासात मैल आणि रुळांमधील अंतर सव्वादोन फूट. डोंगरांतील खाणींतून पाटीचा दगड खालीं आणण्यासाठीं ती 1865 सालीं सुरू झाली. 1948 सालीं ब्रिटनमधील रेल्वेचें राष्ट्रीयीकरण झालें, तेव्हां ही चिमुकली गाडी त्यांतून वगळली गेली. खाण त्यापूर्वींच बंद पडली होती. पण आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालूं राहील, असा शब्द तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनीं दिला होता आणि तोटा सोसून तो पाळलाहि. 1950 च्या जुलैंत त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बर्मिंगहॅम येथें एल. टी. सी. रोल्ट हे लेखक आणि त्यांचे स्नेही यांनीं सभा बोलावली. तींतून सभासदांची एक संस्था जन्मली, आणि 14 मे 1951 रोजीं गाडी पुन्हां धांवली. स्वयंसेवकांनीं वांचवून चालविलेली जगांतील पहिली रेल्वे म्हणून ती ओळखली जाते.

प्रारंभींची स्थिति दयनीय होती. रूळ गवतांत बुडालेले, स्लीपर कुजलेले, आणि दोन जुन्या इंजिनांपैकीं एकच कसेंबसें चालणारें. शेजारच्या एका बंद पडलेल्या रेल्वेचीं दोन इंजिनें संस्थेनें प्रत्येकीं 25 पौंडांस विकत घेतलीं. पण या सर्वांपेक्षां महत्त्वाची होती ती आरंभींच केलेली एक व्यवस्था. हेडन जोन्स यांच्या पत्नीनें रेल्वे कंपनीचे भाग एका नव्या कंपनीच्या स्वाधीन केले, आणि तिच्या संचालक मंडळावर त्या बाईंच्या बाजूचे व संस्थेच्या बाजूचे असे दोहोंकडील प्रतिनिधि घेतले. सभासद जमविणें, वर्गणी गोळा करणें, स्वयंसेवक पुरविणें हें संस्थेचें काम. गाडी सुरक्षित चालविणें हें कंपनीचें काम. पहिलीं दोन वर्षें रोल्ट स्वतः व्यवस्थापक होते, आणि थोडे पगारी नोकर त्यांच्या हाताखालीं होते.

ही विभागणी वरवर कारकुनी वाटेल. पण पुढील सारें यश तिच्यावर उभें आहे. सभासदांच्या सभेंत अध्यक्ष बहुमतानें निवडतां येतो. बॉयलर वाफेचा दाब सोसेल कीं नाहीं, हें मात्र बहुमतानें ठरत नाहीं. ज्याच्यावर प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याला 'आज गाडी सुटणार नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि तो म्हणाल्यावर मोठ्यांतल्या मोठ्या देणगीदारालाहि गप्प बसतां आलें पाहिजे. प्रेमानें चालविलेल्या संस्थेंत हा नियम पाळणें सोपें नसतें. कारण प्रत्येकजण तिला आपली समजत असतो.

अशा संस्थेंत तीन प्रकारचीं माणसें येतात, आणि तिघांची गल्लत झाली कीं भांडण सुरू होतें. पहिला सभासद. तो वर्गणी देतो, वार्षिक सभेंत मत देतो, हिशेब मागतो. त्याला हिशेब वेळेवर आणि स्पष्ट मिळाला पाहिजे. वर्गणीच्या पावतीखेरीज वर्षभर कांहींच हातीं न आल्यास पुढील वर्षीं तो निघून जातो. दुसरा स्वयंसेवक. तो आपली सुटी आणि आपले श्रम देतो. त्याला पगार नसतो म्हणून शिस्तहि नसावी, असें नाहीं. उलट प्रवाशाला गार्ड पगारी आहे कीं हौशी हें कळत नाहीं, आणि कळण्याचें कारणहि नाहीं. तिसरा पगारी नोकर. पावसाळ्यांत, परीक्षांच्या दिवसांत, सणावारीं स्वयंसेवक घरीं असतात तेव्हां रूळ आणि इंजिन यांची काळजी तोच वाहतो. हौशी मंडळींनीं त्याला हुकूम सोडले, किंवा त्यानें हौशी मंडळींना लुडबुडे समजलें, तर दोघांचेंहि काम बिघडतें.

स्वयंसेवकांची व्यवस्था कशी असावी, हें ब्रिटनमधील जुन्या रेल्वे वर्षानुवर्षें अनुभवानें शिकल्या. इंजिन चालविण्याची इच्छा घेऊन आलेल्या तरुणाला प्रथम फडकें आणि तेलाचा डबा मिळतो. इंजिन पुसतां पुसतां त्याचे सांधे, नळ्या आणि झडपा ओळखीच्या होतात. मग कोळसा टाकणें, मग फायरमनची परीक्षा, आणि फार वर्षांनीं चालकाची जागा. प्रत्येक पायरीवर तपासणी असते, डोळ्यांची आणि प्रकृतीची परीक्षा असते, आणि कोणाला कोणतें काम करण्याची परवानगी आहे हें लिहून ठेवलेलें असतें. कोणत्या दिवशीं कोण कोणत्या कामावर, याचा तक्ता आधीं लागतो, आणि थकलेल्या माणसाला घरीं पाठविलें जातें. बाहेर कोणी कितीहि मोठा असो, तक्त्यांत त्याची जागा तक्ता ठरवील तीच. बालकांसाठीं आगगाडीच्या गोष्टी लिहून जगप्रसिद्ध झालेले रेव्हरंड ऑड्री हे 1952 सालीं टॅलिलिनवर गार्डचें काम करीत. एके वेळीं खाण्यापिण्याचे पदार्थ विकणाऱ्या बाई गाडींत चढण्यापूर्वींच त्यांनीं गाडी सोडण्याची खूण केली. पुढें त्या प्रसंगाची त्यांनीं गोष्टच केली. चूक हंसण्यावारीं नेण्याजोगी होती. पण नियम कशासाठीं असतात, हें तीवरूनहि समजतें.

सर्वांत अवघड प्रश्न निराळाच असतो. इंजिनावर चढावयास शंभर हात पुढें येतात. गटारें उपसावयास, झुडपें तोडावयास, तिकिटांचा हिशेब जुळवावयास दोन. ज्या संस्थेनें या नीरस कामांना प्रतिष्ठा दिली, तीच टिकली. वेल्समध्येंच फेस्टिनिऑग नांवाची दुसरी छोटी रेल्वे आहे. जलविद्युत योजनेच्या तलावाखालीं तिचा कांहीं मार्ग बुडाला. तेव्हां 1965 पासून 1978 पर्यंत स्वयंसेवकांनीं कुदळी-फावडीं घेऊन सुमारें अडीच मैलांचा नवा मार्ग डोंगरकडेनें तयार केला. त्यांत गाडी चालविण्याची मौज नव्हती. चिखल, दगड आणि पाऊस होता. तरीहि माणसें आलीं, कारण काम ठरलेलें होतें, साधनें तयार होतीं, आणि आज किती फूट पुढें गेलों हें संध्याकाळीं डोळ्यांना दिसत होतें. बोगद्यासाठीं मात्र खाणकामांतील जाणते लोक वेतन देऊन आणले. कोणतें काम हौसेवर सोडावें आणि कोणतें सोडूं नये, याचा विवेक यालाच म्हणतात. 1982 सालीं ती गाडी पुन्हां आपल्या शेवटच्या स्थानकापर्यंत पोंचली.

भारतांतील स्थिति वेगळी आहे. दार्जिलिंगची छोटी रेल्वे 1999 सालीं जागतिक वारसा ठरली. महाराष्ट्रांत 1907 पासूनची नेरळ-माथेरान गाडी आहे. दोन्ही सरकारी रेल्वेच चालविते. दार्जिलिंगच्या गाडीचे चाहते 1997 सालीं ब्रिटनमध्यें संघटित झाले. तेथील सभासद मदत करूं शकतात, पण गाडीच्या चालनांत त्यांचा हात नसतो. येथील कायद्यानें प्रवासी मार्गाची सुरक्षितता तपासणारा अधिकारी वेगळा असतो, आणि तें योग्यच आहे. म्हणून भारतांतील सभासदाचें क्षेत्र इंजिनाच्या पायरीशीं संपतें असें कोणी म्हणेल. परंतु त्या पायरीच्या अलीकडे करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि तें करण्याची कला भंडाऱ्याला परकी नाहीं.

या जिल्ह्यांतील तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधले, असें परंपरा सांगते. तलावाची पाळ राखणें, गाळ काढणें, पाण्याच्या वांटणीचा क्रम पाळणें हीं कामें मालगुजाराच्या देखरेखीखालीं गांव करीत असे. त्या व्यवस्थेंत अन्याय नव्हता असें नाहीं. पण कोणाचें पाणी आणि कोणाचे श्रम, हें प्रत्येकाला ठाऊक होतें. 1950 च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि हळूहळू गाळ काढण्याचें कर्तव्य कोणाचेंच उरलें नाहीं. अनेक तलाव उथळ झाले. तलाव सर्वांचा झाला, म्हणून तो जपला गेला असें झालें नाहीं. हक्क आणि कर्तव्य यांची गांठ सुटली, तेथें गाळ सांचला. जुन्या रेल्वेच्या वारशाचीहि हीच गोष्ट आहे. 'आमची छोटी लाईन' असें म्हणणारे हजारों. तिची एक नोंदवही वाळवीपासून वांचविण्याची जबाबदारी नांवानिशीं घेतलेला मनुष्य मात्र विरळा.

भंडारा-गोंदियाच्या परिसरांत वाफेचें इंजिन पुन्हां धांवेल, अशी आशा दाखविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तेवढा खर्च आणि तेवढी जबाबदारी हौशी मंडळाला पेलणारी नव्हे. पण पंचवीस-तीस माणसांचें एक मंडळ निघण्यास अडचण कोणती? शाळेंतील एखादे इतिहासाचे शिक्षक, निवृत्त गार्ड, खाणींतील जुने कर्मचारी, महाविद्यालयांतील विद्यार्थी, हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या गृहिणी, असे लोक त्यांत असावे. प्रत्येकाला एकच काम असावें, आणि तें लिहून दिलेलें असावें. एकानें निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती उतरून घ्याव्या. दुसऱ्यानें जुनीं छायाचित्रें, तिकिटें, वेळापत्रकें यांची यादी करावी. तिसऱ्यानें रेल्वेच्या परवानगीनें जुन्या स्थानकांचीं मोजमापें घ्यावीं. चौथ्यानें वर्गणीचा पैन् पै हिशेब द्यावा. रुळांजवळील कोणतेंहि काम रेल्वेच्या अधिकाऱ्याविना करूं नये, हा नियम पहिल्याच सभेंत ठरावा. वर्षांतून एकदां सर्वांसमोर झालेलें काम वाचून दाखवावें, आणि आभार मानतांना गटार उपसणाऱ्याचें नांव देणगीदाराच्या आधीं घ्यावें.

हें सांवकाशीनें करण्याजोगें काम नाहीं. कागद कपाटांत आणखी कांहीं वर्षें निघतील. पण छोट्या लाईनवर ज्यांनीं तरुणपणीं फावड्यानें कोळसा टाकला, कंदील दाखविला, रात्रीं-बेरात्रीं रूळ तपासत पायपीट केली, तीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांच्याबरोबर जें जाईल तें कोणत्याहि संग्रहालयांत सांपडणार नाहीं. टॅलिलिनच्या मंडळींजवळ आरंभीं एक चालणारें इंजिन आणि सव्वासात मैल गवत होतें. भंडाऱ्याच्या मंडळाजवळ इंजिन नसेल. पण तीं माणसें अजून आहेत. त्यांच्या दारीं वही घेऊन प्रथम कोणीं जावयाचें, एवढें जरी पहिल्या सभेंत नांवानिशीं ठरलें, तरी ती सभा कारणीं लागली असें म्हणतां येईल.