बालवाडींतील मदतनीस : तिची पात्रता व तयारी

लहान मुलांच्या शाळेंत सहसा दोन स्त्रिया काम करतात. एकीला मुलें ताई म्हणतात, दुसरीला मावशी. अंगणवाडीच्या कागदोपत्रीं पहिली सेविका व दुसरी मदतनीस. पहिलीच्या शिक्षणाविषयीं गेलीं शंभर वर्षें या देशांत पुष्कळ विचार झाला आहे. दुसरी स्वच्छ असावी, वेळेवर यावी व मुलांवर ओरडूं नये, यापलीकडे पालकांची अपेक्षा क्वचितच जाते. परंतु घर सोडून आलेलें तीन वर्षांचें मूल दाराशीं रडत उभें राहतें, तेव्हां त्याचा हात बहुधा या दुसरीच्याच हातांत असतो. त्याची चड्डी ओली झाली तर ती बदलणारी तीच, आणि पाण्याचा पेला सांडला तर फडकें घेऊन धांवणारीही तीच. या बाईची पात्रता कशांत आहे, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाहीं.

तिच्या कामाला हलकें काम समजण्याची संवय सुशिक्षित घरांना फार आहे. वस्तुतः डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें पहिलें बालगृह उघडलें, त्यानंतर त्यांच्या पद्धतींत ज्या उद्योगांना अगदीं आरंभींचें स्थान मिळालें, ते हेच आहेत : बटन लावणें, पाणी ओतणें, हात धुणें, टेबल पुसणें, केर काढणें. या साध्या कामांनीं मुलाच्या हाताला वळण लागतें, त्याचें लक्ष एका जागीं टिकतें, आणि आपलें आपण करूं शकतों हा विश्वास त्याच्या ठायीं उत्पन्न होतो. अक्षरें व अंक नंतर येतात. फरक एवढाच कीं, तेथें हीं कामें मूल करतें, मोठें माणूस त्याच्याकरितां तीं उरकून टाकीत नाहीं.

शाळा सुटण्याच्या वेळीं हा फरक चांगला दिसतो. बाहेर रिक्षा उभी असते, पालक घड्याळाकडे पाहत असतात, आणि आंत वीस-पंचवीस मुलें चपलांच्या पट्ट्यांशीं झगडत असतात. चपळ बाई पांच मिनिटांत सगळे पट्टे लावून देते व सर्वांची शाबासकी मिळविते. दुसरी एखादी मुलाशेजारीं खालीं बसते, उलटा झालेला पट्टा तेवढा सरळ करते, त्याचें टोंक मुलाच्या बोटांत देते आणि थांबते. हें थांबणें आळसाचें नव्हे. कोणतें मूल आज स्वतः करील, कोणाला निम्मी मदत हवी, आणि कोण इतकें थकलें आहे कीं आज त्याला सरळ कडेवरच घ्यावें, हें तिनें सकाळपासून पाहून ठेविलेलें असतें. ज्या हातांना सगळें झटपट येतें, त्या हातांनीं स्वतःला आवरावयाचें, ही विद्या कोणत्याही गुणपत्रिकेंत उमटत नाहीं. आणि ती आईपणाबरोबर आपोआप येते, हा समजही खरा नाहीं. पांच मुलें वाढविलेली प्रेमळ बाई बालवाडींत प्रथम येते, तेव्हां बहुधा सर्वांत अधिक घाई तीच करते.

ही विद्या शिकवितां येते, हें पश्चिम भारतांत फार पूर्वींच दिसून आलें आहे. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक १९२३ सालीं त्यांना जाऊन मिळाल्या, आणि लवकरच बालमंदिराला जोडून अध्यापनमंदिरही सुरू झालें. मुलांची शाळा व शिक्षिकांची शाळा एकमेकींला खेटून असल्यामुळें सकाळीं पाहिलेल्या मुलाविषयीं दुपारीं बोलतां येत असे, आणि ही सोय कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोलाची होती. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढें ताराबाई मुंबईस आल्या, व १९३६ सालीं दादरला शिशुविहार उभें राहिलें.

येथवरचा सारा इतिहास मध्यमवर्गीय मुलांचा आहे. खरी कसोटी १९४५ सालीं बोर्डी येथें लागली. डहाणू तालुक्यांतील आदिवासी मुलें मध्यवर्ती बालवाडींत येईनात. घरचें धाकटें भावंड सांभाळावयाचें, गुरें राखावयाचीं, मग शाळेंत यावयाचें केव्हां ? तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, आणि अंगणवाडी हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्यांतून जन्मास आला. महागड्या साहित्याऐवजीं शिंपले, बिया, खडे व पानें आलीं. पुढें १९५७ सालीं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी विकासवाडी झाली; गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळाही निघाली.

या कामीं ताराबाईंच्या सोबत आलेल्या अनुताई वाघ प्राथमिक शिक्षिका होत्या. पुण्याच्या हुजूरपागेंत शिकवीत असतांना रात्रशाळेंत जाऊन त्यांनीं मॅट्रिकची परीक्षा दिली होती. बालशिक्षण मात्र त्या बोर्डीला, ताराबाईंच्या हाताखालीं, काम करतां करतां शिकल्या. म्हणजे अनुताईही प्रथम मदतनीसच होत्या, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. ताराबाईंचा शब्द योजनेनें उचलला; परंतु मदतनिसीच्या वांट्याला मुख्यतः खिचडी शिजविणें, मुलांना घरून आणणें व जागा झाडून ठेवणें हेंच काम आलें. शिकविणें एकीचें व राबणें दुसरीचें, अशी ती वांटणी झाली. बोर्डीला जें एकत्र होतें, तें येथें तुटलें.

पात्रतेचे नियमही पुढें बदलत गेले. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर मदतनिसीलाही बारावी उत्तीर्ण असणें आवश्यक झालें. वय १८ ते ३५. उमेदवार स्त्री त्याच गांवची रहिवासी असावी लागते. ही शेवटची अट सर्वांत शहाणपणाची आहे, कारण घरची बोली जाणणारी बाई समोर असली म्हणजे मुलाचें रडें निम्मे ओसरतें. सेविकांच्या निम्म्या जागा पांच वर्षें काम केलेल्या पात्र मदतनिसींतून भराव्या, असेंही त्या सूचनांत आहे. वर जाण्याची वाट अशी उघडली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र जुन्या काळीं सातवी-आठवीवर लागलेल्या, पंधरा-वीस वर्षें मुलें सांभाळलेल्या बाईला बारावीच्या अटीमुळें ती वाट बंदच राहते, आणि तिच्या डोळ्यांदेखत नवी मुलगी गुणपत्रिका घेऊन तिच्या वरच्या जागीं येते. मुलें मात्र रडतांना जुन्या मावशीकडेच धांवतात.

वेतनाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तिला पगार नव्हे, मानधन मिळतें. केंद्रानें २०१८ सालीं तें दरमहा १,५०० रुपयांवरून २,२५० रुपये केलें, व राज्यें त्यांत आपापली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सेविका व मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. मानधन हा शब्द मोठा गोड आहे. त्यांतील मान कोठें आहे, हें मदतनिसींनाच विचारावें.

खासगी शिशुवर्गांत तर मावशीच्या नेमणुकीपूर्वीं तिची तयारी तपासण्याची पद्धत क्वचितच आढळते. पूर्वप्राथमिक शिक्षिकेसाठीं बारावीनंतरचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. तोही प्रवेशपत्रिका भरणाऱ्या पालकांपैकीं कितीजण विचारतात! रंगीत भिंती व इंग्रजी गाणीं पाहून मूल दाखल होतें. शाळा पाहावयास जाणाऱ्यांनीं एकदां सुटीच्या वेळीं जावें आणि चपलांच्या रांगेपाशीं दहा मिनिटें उभें राहावें. वर्गांत तासभर बसून जें कळत नाहीं, तें तेथें कळेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठीं सहा महिन्यांचा, व त्याहून कमी शिकलेल्यांसाठीं एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आहे. तो दूरचित्रवाणीच्या वाहिन्या व फोन यांद्वारें चालवावा, आणि महिन्यांतून निदान एकदां प्रत्यक्ष वर्ग व्हावा, अशी त्याची योजना आहे. या तरतुदींत नांव सेविकेचें आहे. महिन्याच्या त्या एका वर्गाला सेविकेबरोबर मदतनिसीलाही बसवावें, व तो वर्ग मुलें असलेल्या चालत्या अंगणवाडींतच भरवावा. पेला सांडल्यावर फडकें मुलाच्या हातीं द्यावयाचें कीं आपण पुसावयाचें, हें त्या दोघींनीं एकाच मुलाकडे पाहत तेथेंच ठरवावयाचें आहे.