मास्तर पुष्कळ, शिक्षक किती?

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका खेडेगावच्या शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही खेड्यातले शाळामास्तर. अध्यापक विद्यालयात पाठाची टाचणे काढावयास शिकलो आणि वीस वर्षे ती काढीत आलो. तेव्हा मोठे तत्त्वज्ञान सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही आपली एक चूक सांगणार आहोत व तीवरून एक प्रश्न विचारणार आहोत. हजेरी मांडणारे, धडे संपविणारे, तक्ते भरून वर धाडणारे मास्तर गावोगाव आहेत. पण ज्याच्यापाशी बसल्याने मूल स्वतः विचार करू लागते, असे शिक्षक आपणांत किती?

आमच्या गावची निम्मी घरे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. काही वर्षांमागे सहावीच्या वर्गात आम्ही वजनमापांचा पाठ घेत होतो. किलो, क्विंटल, टन फळ्यावर लिहिले. इतक्यात ऊसतोड्याचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुर्जी, काटा खरा का खोटा, ते कसं वळखायचं?" आम्ही म्हणालो, "ते पुस्तकात नाही. खाली बस." तो बसला. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर गेला. आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजर मांडीत राहिलो. पाडव्याच्या सुमारास इतर मुले परत आली, तो शाळेत आला नाही. आता तोही कोयता धरतो असे ऐकतो.

बंधुहो, त्या मुलाच्या बापाची मजुरी टनावर ठरते. त्याचे पोट ज्या काट्यावर अवलंबून, त्याविषयी त्याने विचारले होते. त्या दिवशी वर्गात खरा पाठ त्याने काढला आणि आम्ही तो मोडला.

आपल्या पूर्वसूरींनी असे केले असते तर? जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेत मुक्ता नावाची मांग जातीची मुलगी शिकत होती. वय अवघे चौदा वर्षांचे, शिक्षण तीनच वर्षांचे. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्यात तिने मांगमहारांचे हाल उघड मांडले, आणि वेद ज्यांना बंद त्या आम्हांस धर्म तरी कोणता, असा रोकडा सवाल केला. हा सवाल कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. तिला तो सुचला, कारण तिला कोणी "खाली बस" म्हटले नव्हते. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी मागणी केली ती हीच, की मास्तर शेतकरी वर्गांतून यावेत, लोकांत मोकळेपणी मिसळणारे व त्यांच्या गरजा जाणणारे असावेत. आम्ही तर त्याच वर्गातून आलो. परंतु खुर्चीवर बसताच आपल्या बापाचा काटा विसरलो!

पुढच्या वर्षी आम्ही वाण्याकडून तागडी मागून आणली. एका पारड्यात धान्य, दुसऱ्यात वजन ठेवून दांडी सरळ केली. मग दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल केला. दांडी कलली, तर तागडी खोटी. मोठ्या काट्यावर भरली गाडी वजा रिकामी गाडी हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला. एका मुलीने बापासाठी वही घातली व फडावर प्रत्येक खेपेची तारीख आणि पावतीवरचे वजन टिपून ठेवले. हंगामाअखेर मुकादमाच्या हिशेबात दोन खेपा कमी निघाल्या. वही पुढे करून बापाने त्या मागून घेतल्या. ती मुलगी वैशाखात शाळेत येऊन म्हणाली, "गुरुजी, आता व्याजाचं शिकवा. उचल फिटत का नाही ते बघायचंय." वीस वर्षांत आम्हांस मिळालेले हे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होय.

कोणी म्हणेल, आमचा दिवस माहिती भरण्यातच जातो. ते खरे आहे, व त्याविरुद्ध आपण एकत्र बोललेच पाहिजे. पण मुलाला "खाली बस" म्हणा, असा हुकूम कोणत्याही कागदावर आलेला नव्हता. ते आमचेच शब्द होते.

म्हणून विनंती एवढीच. हजेरीपटाशेजारी एक कोरी वही ठेवा. मुलाने विचारलेला व आपणांस न आलेला प्रश्न तीत लिहा, आणि शनिवारपर्यंत उत्तर शोधून आणा. वही कोरी राहिली, तर मुले हुशार झाली असे समजू नका. ती विचारावयास भितात असे समजा.

आमच्या वहीतला पहिला प्रश्न काट्याचा आहे. तो विचारणारा मुलगा उत्तर ऐकावयास वर्गात नाही. येत्या दिवाळीपूर्वी त्याच्या घरी जाऊन ते सांगावयाचे आम्ही ठरविले आहे. इतके बोलून रजा घेतो.