पावसाचें माप आणि मापाची जागा

सोलापूर जिल्ह्यांत पावसाची चर्चा बाराही महिने चालते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेला हा मुलूख; हस्ताचा पाऊस चुकला कीं शाळूची आशा सुटते. अशा ठिकाणीं पाऊस मोजण्याचें पात्र कोठें मांडावें हा प्रश्न, श्रोते हो, वरकरणीं किरकोळ वाटेल. पण त्यावर पुष्कळांची भाकरी अवलंबून असते.

महसूल मंडळांतील यंत्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टि समजली जाते. बांध फुटून शेत वाहून गेलें आणि यंत्रांत साठच भरले, तर शेतकऱ्यानें दाद कोणापाशीं मागावी? पात्र खोटें बोलत नाहीं, हें खरें. परंतु त्याला निंबाखालीं उभें केलें, तर तें निंबाखालचाच पाऊस सांगणार.

सोयीची म्हणून पुष्कळदां कचेरीची गच्ची सुचविली जाते. तिला साफ नकार द्यावा. वारा भिंतीवर आदळून वर उसळतो आणि बारीक थेंब पात्रावरून पलीकडे नेतो. म्हणून पात्राचें तोंड जमिनीपासून अवघें ३० सेंटिमीटर उंच ठेवतात. आणि जवळचें झाड वा घर जितकें उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर मोकळें सोडतात. वाऱ्याच्या यंत्राची गोष्ट उलट, त्याला १० मीटरांचा खांब लागतो. तापमापक मात्र पांढऱ्या, झडपांच्या पेटींत सावलींत बसतो, आणि तिचें दार उत्तरेकडे असतें, नाहींतर दार उघडतांच ऊन आंत शिरेल. ही पेटी ‘ट्रेझर आयलंड’कार स्टीव्हन्सन यांच्या वडिलांनीं योजिली, ते दीपगृहें बांधणारे इंजिनियर होते.

सोलापुरास आणखी एक अडचण आहे, ती काळ्या जमिनीची. उन्हाळ्यांत ती भेगाळते, पावसांत फुगते. वरवर रोवलेलें पात्र एका हंगामांत कलतें आणि कललेल्या तोंडाचें माप चुकतें. तेव्हां पाया खोल घेऊन पक्का बांधावा, आणि तोंड पाणसळीनें तपासावें.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं सोलापूरच्या आकाशांत ढगांवर बीजपेरणीचे प्रयोग केले. कांहीं ठिकाणीं पाऊस सुमारें १८ टक्क्यांनीं वाढला, असा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. विमानें, रडार सारें खरें. परंतु शेवटीं पडलेल्या पाण्याची साक्ष जमिनीवरच्या मापकानेंच द्यावयाची, आणि अशा फरकाचा निवाडा वाईट जागेवरच्या पात्राकडून होणें नाहीं.

आतां महावेध प्रकल्पांतून मंडळोमंडळीं स्वयंचलित केंद्रें आलीं आहेत. माणसाचे कष्ट वांचले, पण यंत्राच्या नळींत धूळ बसते, कोळी जाळें विणतो, आणि तें कोणास कळतही नाहीं. मृगापूर्वीं मोजून पाणी ओतावें व यंत्र तितकेंच दाखवितें कीं नाहीं तें पाहावें. कुंपणाबाहेरही नजर असावी. वनमहोत्सवांत तेथें लावलेलें हातभर रोप दहा वर्षांत पात्रावर सावली धरतें, आणि तोंवर जागा निवडणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.