ड्रोन, विमान आणि शंकेची किंमत



लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणारे ड्रोन आपण सर्वांनी पाहिले आहे. मुले बोट दाखवितात, वऱ्हाडी वर पाहून हसतात, आणि कोणाचे काही बिघडत नाही. आमच्या भाच्यानेही असे एक यंत्र घेतले आणि आम्हांला विचारले, "मामा, उतरणाऱ्या विमानाचे चित्र जवळून घेऊ का?" आम्ही 'नको' म्हटले. तो म्हणाला, "का? एवढेसे तर यंत्र!" त्याच्या या 'का'चे उत्तर म्हणजेच आजचे आमचे व्याख्यान होय.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराजवळ भयंकर आग भडकली होती. ती विझविण्यासाठी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून दोन विमाने आलेली होती. हे विमान पाण्याला पोट टेकवून धावता धावता सुमारे सहा हजार लिटर पाणी भरून घेते आणि आगीवर नेऊन ओतते. ९ जानेवारीला त्यांपैकी एकावर ड्रोन आदळले आणि पंखाला भोक पडले. विमान सुखरूप उतरले खरे, परंतु दुरुस्तीसाठी काही दिवस ते जमिनीवरच राहिले. आग काही थांबली नव्हती!

हे ड्रोन कोणी सोडले? कोणा शत्रूने नव्हे. आगीने काय झाले ते पाहावे, म्हणून एका गृहस्थाने ते वाहनतळाच्या गच्चीवरून उडविले होते. अडीच किलोमीटर गेल्यावर ते त्याच्या नजरेआड झाले. त्याने पुढे गुन्हा कबूल केला. यंत्राचे वजन होते अवघे पाव किलो.

पाव किलोने असे कसे व्हावे? वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. वेग चौपट झाला की ती सोळापट होते. उतरणारे मोठे विमान सेकंदाला सुमारे सत्तर मीटर धावत असते. पक्ष्याचे अंग मऊ असते. ड्रोनमध्ये मोटारी आणि बॅटरी असे कठीण गोळे असतात. शिवाय एवढी लहान वस्तू वैमानिकाला दिसते तेव्हा वळावयास वेळच उरलेला नसतो. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी क्वेबेक शहराजवळ आठ माणसे घेऊन उतरणाऱ्या छोट्या विमानाला ड्रोन धडकले. ते सुखरूप उतरले, हे दैव.

आता दुसरी बाजू पाहू. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री लंडनजवळील गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याची वर्दी आली आणि धावपट्टी बंद झाली. उघडावी, तो पुन्हा कोणाला तरी दिसे. नाताळाच्या तोंडावर सुमारे एक हजार उड्डाणे विस्कटली, सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी एका निरपराध जोडप्याला पकडले. वृत्तपत्रांनी त्यांची तोंडे जगाला दाखविली. पुढे पोलिसांना त्यांची क्षमा मागून भरपाई द्यावी लागली. खरा अपराधी कधीच सापडला नाही. ड्रोन होते तरी काय, असाही प्रश्न लोकांनी विचारला.

मग धावपट्टी बंद करणारे अधिकारी भित्रे ठरतात काय? आम्हांला तसे वाटत नाही. दिसले म्हणजे होतेच असे नाही, हे त्यांनाही कळते. परंतु खात्री करून घेण्यासाठी भरलेले विमान पुढे पाठविता येत नाही. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली, तेव्हा काही तास उड्डाणे थांबविली गेली, ती याच कारणाने.

तात्पर्य, विमानतळाजवळ संशयाचा फायदा ड्रोनला मिळू शकत नाही. त्याची किंमत मात्र हजारो प्रवासी भरतात, कधी निरपराध माणसे भरतात. म्हणून पहिली जबाबदारी ज्याच्या हाती यंत्राची कळ आहे त्याची. आपल्या देशात २०२१ चे ड्रोन नियम आहेत. आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग पाडलेले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडविता येत नाही. नकाशा सर्वांना पाहावयास खुला आहे. पोलीस प्रत्येक गच्चीवर उभे राहू शकत नाहीत. तेथे आपला विवेकच उभा राहिला पाहिजे.

आमच्या भाच्याला आम्ही हेच सांगितले. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "मामा, त्या विमानात आई असती तर मीही उडविले नसते." श्रोतेहो, प्रत्येक विमानात कोणाची तरी आई असते. एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.