आकड्यातला कोळसा, शेगडीतला कोळसा



आज मी लाकडी कोळशाबद्दल, म्हणजे आपल्या लोणारी कोळशाबद्दल बोलणार आहे. दोन देशांतला त्याचा खप शेजारी-शेजारी मांडला की काय दिसते आणि काय निसटते, ते पाहू. देश घेऊ जपान आणि टांझानिया.

1940 साली जपानमध्ये सुमारे 27 लाख टन लाकडी कोळसा निघाला. तेव्हाची लोकसंख्या सव्वासात कोटींच्या घरात, म्हणजे माणशी साधारण 37 किलो. घरोघरी स्वयंपाक आणि शेक त्याच्यावर होत असे. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, तेव्हा बसगाड्याही लाकूड-कोळशाच्या वायूवर धावल्या. 1950 च्या दशकातही उत्पादन 20 लाख टनांच्या आसपास होते. पुढे रॉकेल, गॅस आणि वीज पोचली, आणि 1970 पर्यंत त्याचा पाचवा हिस्साही उरला नाही. हे बंदीहुकमाने घडले नाही. दुसरे इंधन परवडू लागले म्हणून शेगडी विझली.

टांझानियाचा खप जागतिक बँकेच्या 2009 च्या अहवालात वर्षाला सुमारे 10 लाख टन दिला आहे. माणशी 24 किलोच्या आसपास. जपानच्या मानाने बेताचाच वाटतो. पण त्यातला जवळजवळ निम्मा कोळसा एकट्या दार-एस-सलाममध्ये जळत होता. शहराची वस्ती पस्तीस लाख धरली, तर माणशी 140 किलो! खेड्यात सरपण, शहरात कोळसा, अशी ही वाटणी आहे. कोळसा हे मुख्य इंधन असलेली त्या शहरातली घरे 2001 मध्ये 47 टक्के होती, 2007 मध्ये 71 टक्के झाली. कारण उघड आहे. सिलिंडरला एकरकमी पैसे मोजावे लागतात. कोळसा गल्लीच्या तोंडाशी डबाभर मिळतो, रोजच्या मजुरीत बसतो. 2006 मध्ये सरकारने बंदी घातली खरी, पण ती टिकली नाही.

आता मोजणीकडे वळू. मातीने झाकलेल्या भट्टीत किलोभर कोळशासाठी पाच-सहा किलो लाकूड जाते, अनेकदा त्याहूनही जास्त. तक्त्यात कोळसा येतो, ते लाकूड येत नाही. टांझानियात तर व्यवहार पोत्यावर चालतो. पोत्याच्या तोंडावर काटक्या रचून वर आणखी कोळसा चढवतात. पोते एकच, वजन मात्र भलतेच. बराचसा व्यापार परवान्याबाहेर असल्याने देशाचा आकडा अंदाजानेच काढावा लागतो. जपानची दप्तरे चोख, असे म्हणावे तर तिथेही 1949 साली सरकारी हिशेबात असलेला बराच कोळसा गोदामात सापडला नाही. लोक त्याला ‘हवेतला कोळसा’ म्हणू लागले.

तरुण अभ्यासकांना माझे आवाहन आहे: दोन देशांची तुलना करताना टनांच्या शेजारी तीन रकाने जरूर ठेवा. जळालेले लाकूड किती, शहराचा वाटा किती आणि मोजणी कशी झाली. आणि धोरण आखणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की आधी परवडणारे इंधन दारात पोचवा, बंदीचे नंतर बोला.